मशेरीची डबी

मोरीच्या दगडावर तांबडं पाणी दिसलं तेव्हा आमचे हे पंचाने तोंड पुसत उभे होते, आणि मी दुधाचं पातेलं घेऊन मागच्या दारात.

"रक्त हाय हे," मी म्हटलं.

"पानाचं हाय."

"आज सोमवार. पहाटेपासनं पोटात पाणी न्हाई तुमच्या. पान कुठं खाल्लंसा?"

"कालचं ऱ्हायलं आसंल."

कालचं पान आज सकाळी तोंडातून निघालं म्हणे. माणसाने खोटं बोलावं, पण ऐकणाऱ्याचा थोडा तरी मान ठेवून बोलावं. मी पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "तोंड उघडा बघू." त्यांनी तोंड घट्ट मिटलं, खुंटीवरचा सदरा काढला, कोनाड्यातली सनईची पेटी काखेत मारली आणि देवळाकडे चालू लागले. थोड्या वेळाने तिकडून सनई सुरू झाली. सूर रोजच्यासारखा नव्हता. खालच्या अंगाला गेला की थरथरत होता.

आम्ही गुरव. गावच्या सिद्धेश्वराची पूजा आमच्या भावकीत वाटून आलेली, आणि सनई आमच्या घरात. सकाळी पूजेला, संध्याकाळी आरतीला आणि लग्नसराईत आसपासच्या चार गावांत तातोबा गुरवाची सनई वाजायची. शेजारी बसून एकच सूर धरून ठेवायला त्यांचा चुलतभाऊ आण्णाप्पा. लग्न होऊन आले तेव्हा मला सनईतलं काही कळत नव्हतं. पण रोज कानावर पडून पडून इतकं कळायला लागलं होतं की यांचं पोट बिघडलंय, सर्दी झालीय की कुणाशी भांडण झालंय, हे मी चुलीपुढे बसून सांगायची. ती थरथर मात्र नवीन होती.

सनईच्या तोंडाला जी पत्ती असते, ती खालच्या ओठावर बसते. आणि ओठाला मागून आधार कुणाचा, तर खालच्या पुढच्या दातांचा. हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. आता त्यातला एक दात हलत होता. हे मात्र त्यांनी सांगितलेलं नव्हतं. जेवताना जिभेने दात चाचपायचे ते मी बघितलं होतं.

"दात हालतोय न्हवं?" संध्याकाळी मी विचारलं.

"हालू दे. पडला तर पडला."

"आणि सनई?"

"बघू की."

"बघू काय बघू? तालुक्याला दाताची नवी डॉक्टरीण आलीया. गुरवारी बाजाराला जातासाच, तसंच दाखवून या."

"जाऊ की. तू चल संगं."

"मी कशाला? मला काय धाड भरलीया? आणि पत्रावळ्या कोण लावायच्या, तुमचा आण्णाप्पा?"

 त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पेटी उघडून सनई पुसत बसले. सनईची काळजी घ्यावी तर यांनी. पत्ती वाजवून झाली की मलमलच्या फडक्यात गुंडाळणार, ओलं राहू देणार नाही, धूळ बसू देणार नाही. तोंडाला मात्र नुसती चूळ. बोटभर मीठ लावावं, कडुनिंबाची काडी चघळावी, एवढंसुद्धा नाही. ज्या तोंडात ती पत्ती जायची त्या तोंडाची ही अवस्था, आणि पत्ती कशी लख्ख.

मीच बाजारातून ब्रश आणि पेस्ट आणली. ब्रश चांगला मऊ बघून घेतला, हिरव्या दांड्याचा. दुसऱ्या दिवशी मोरीवर ठेवला तर तिथे दिसेना. मनात म्हटलं, चला, लागला माणूस मार्गाला. दुपारी बघते तर हे ओसरीवर बसून त्याच ब्रशने सनईची भोकं साफ करतायत.

"ह्ये काय?"

"ब्रश. झ्याक हाय. भोकातली घाण बरोबर निघती."

"मी तुमच्या दाताला आणला व्हता."

"दाताला कशाला? घासलं की रगात येतंय."

"न घासल्यानं येतंय ते."

"तू डॉक्टर हाईस व्हय? चल, डॉक्टरला इचारू. दोघं जाऊ."

पुन्हा आपलं दोघं. या माणसाला एकट्याने तालुक्याला जायला वाट सापडत नव्हती की काय, कोण जाणे. जन्मभर परगावची लग्नं वाजवत हिंडलेला माणूस.

त्यातच मशेरीच्या डबीचं प्रकरण सुरू झालं. मशेरी घरात मी लावायची. मीच काय, गल्लीतल्या सगळ्याच बाया लावायच्या. जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. सकाळी चुलीपुढे बसून चहाला उकळी येईपर्यंत बोट दातांवरून फिरत असायचं. दुपारी पत्रावळ्या लावताना एकदा, संध्याकाळी एकदा. त्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही आणि डोकं चालायचं नाही. सासूबाई लावायच्या, त्यांच्याकडूनच मला लागली. सासूबाई बिचाऱ्या शेवटी तोंडाच्याच दुखण्याने गेल्या. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. पण त्यांचं वय झालेलं, आणि वय झालं की काहीतरी निमित्त होतंच, असं आम्ही सगळे म्हणायचो.

तर माझी डबी रिकामी व्हायला लागली. भरून ठेवावी आणि दोन दिवसांत तळ दिसावा. आधी वाटलं, शेजारच्या पारूअक्का घेत असतील. त्यांना विचारलं तर त्या उलट माझ्यावरच घसरल्या, "माझी डबी काय वस पडलीया, म्हणून मी तुझी घीन?" मग राहिलं कोण? घरात दोघंच. पोरगा पुण्याला कंपनीत.

"मशेरी तुमी लावायलाय काय?" मी सरळ विचारलं.

 "व्हय. लावतोय."

"ह्या वयात? बायकांचा नाद?"

"हिरड्या दुखत्यात. लावली की बरं वाटतंय."

मला हसावं की रडावं कळेना. ब्रश सनईला आणि मशेरी हिरडीला. "आवो, त्यानंच हिरड्या सुटायल्यात तुमच्या," मी म्हटलं.

"मग तू का लावतीस?"

"माझं दात हालत्यात काय?"

 मी रागारागाने पुन्हा तंबाखू भाजली आणि डबी या वेळी ज्वारीच्या कणगीत लपवली. चार दिवसांत तीही अर्धी झाली.

जेवणाचंही तेच. ज्या माणसाने हिरवी मिरची मिठाला लावून भाकरीबरोबर कराकरा खावी, तो माणूस एक दिवस म्हणतो, "कालवणात तिखट घालू नगो. दाताला झोंबतंय." तिखट दाताला झोंबतं हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणे भाकरी नको, मऊ भात कर, दूध घाल. एकाला तिखट, एकाला बिनतिखट असं दोन चुली पेटवून कोण करणार? दोघांनाही तेच. मीही तो मऊ भात गिळायला लागले. खरं सांगायचं तर मला तो बरा लागायचा, कारण त्या उन्हाळ्यात माझंही तोंड आलं होतं आणि तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. पण उन्हाळ्यात कुणाचं तोंड येत नाही? उष्णता म्हणून मी गुलकंद खात होते. मी काही त्यांच्यासारखा सगळ्या घराला वेठीला धरून बोभाटा केला नव्हता.

आणि तोंडाकडे बघत बसायची नवीनच सवय यांना लागली होती. मी जांभई दिली की हे टक लावून बघणार. हसले की बघणार. एकदा पारूअक्कांच्या समोर असे बघत बसले की मला लाज वाटली.

"काय बघताय?"

"काय न्हाई. डॉक्टरकडं कवा जायाचं?"

"तुमी जावा की. मी धरलंय काय तुमाला?"

"तू चल."

"मी न्हाई येणार. घरात कामं पडल्यात."

असा वैशाख गेला. मी कितीदा म्हणाले असेन जा म्हणून, आणि तेवढ्याच वेळा त्यांनी तू चल म्हणून सांगितलं. हट्टी माणसं मी खूप बघितली, माझा बापसुद्धा हट्टी होता, पण स्वतःचा दात हलत असताना बायको सोबत आली तरच दाखवीन म्हणणारा हा एकच.

ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्ताला पाटलांच्या घरचं लग्न होतं. मला पत्रावळ्यांचा ढीग पोचवायचा असल्यामुळे मी मांडवाच्या मागे बसले होते. मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, सनई उठली आणि मधेच फाटली. दुसरा शब्द नाही त्याला. जुनं धोतर फाटतं तसा आवाज झाला. मग नुसता आण्णाप्पाचा सूर उरला, आणि त्यावर संबळवाला कसाबसा वाजवत राहिला. मी मागून डोकावले. हे पत्ती फडक्याने पुसत होते आणि फडकं तांबडं झालं होतं.

संध्याकाळी आण्णाप्पा घरी आला. ओसरीच्या कडेला बसला, पण चहा घेईना.

"वैनी, दादाला कायतर सांगा. आज पाटील तोंडावर बोलला न्हाई, पर देवळाच्या कमिटीची माणसं तिथंच हुती. श्रावणात यात्रेला मिरजंचं सनईवालं आणायचं म्हणायल्यात."

"आणि पालखी? ती कुणाच्या सनईवर उठणार?"

"त्येंच्याच की."

हे आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले नाहीत. पालखीपुढे त्यांच्या बापाने वाजवलं, आज्याने वाजवलं. त्या रात्री जेवायला बसले तेव्हा भाताचा घास त्यांनी नुसता तोंडात फिरवला. मला त्यांची दयासुद्धा आली आणि इतका राग आला की हातातला डाव मी भांड्यात आपटला.

"गुरवारी मी येतो तुमच्या संगं," मी म्हटलं. आमच्या बाजूच्या बायका अशाच बोलतात, आणि चिडलं की जास्तच. "पत्रावळ्या गेल्या खड्ड्यात. पर त्या डॉक्टरणीपुढं खोटं बोललासा तर तिथंच भांडीन."

त्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी सुटल्यासारखं दिसलं. "नक्की येणार न्हवं?" त्यांनी विचारलं. जणू मीच त्यांना इतके दिवस अडवून धरलं होतं.

दवाखाना बाजारपेठेत, लोखंडाच्या दुकानावर माडीवर होता. डॉक्टरीण म्हणजे मुलगीच, बेडकिहाळ आडनावाची, नाकाला चमकी आणि हाताला रबरी मोजे. बाकावर पेशंट बसलेले. आमचा नंबर आला तशी ती म्हणाली, "या काका, बसा खुर्चीत."

हे उभेच.

"बसा की," मी म्हटलं.

"आधी हिला बघा," ते डॉक्टरणीला म्हणाले.

"मला कशाला? मला काय झालंय?"

"आधी हिला बघा. मग मी बसतो."

"बाई, ह्यांचं ऐकू नका. ह्यांचा दात हलतो, रक्त येतं, मशेरी लावतात. सनईवाले आहेत, दात गेला तर सनई गेली, आणि हे बघा कसं करतायत."

"हिला बघितल्याबिगर मी बसायचा न्हाई."

बाकावरची माणसं हसायला लागली. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, भितोय गडी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं भाडं खर्चून, घर टाकून आलेलं आणि इथे हा तमाशा. डॉक्टरीणही हसली. "बसा काकू, तुम्हीच बसा आधी. एक मिनिट लागेल. मग काकांना सुटका नाही."

मी बसले. रागाने बसले. "बघा," म्हटलं, "एकदाचं बघा आणि ह्यांची समजूत घाला."

तिने दिवा ओढला. "आ करा. मोठा आ करा. अजून."

"एवढाच होतोय."

"तुमची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा."

मी बघितलं. दोनच गेली, आणि तीही कशीबशी. तिने आरसा आत घातला, गाल बाजूला केला. तिचं हसू गेलं होतं. तिने पुन्हा एकदा बघितलं, दिवा जवळ घेतला, बोटाने हिरडीपाशी दाबलं.

"काकू, मशेरी लावता?"

"लावते. सगळ्याच लावतात."

"तिखट लागतं? जळजळतं?"

"उष्णता आहे ना. तोंड आलंय."

"हा पांढरा चट्टा कधीपासून आहे?"

"कुठला चट्टा?"

मला कुठला चट्टा ठाऊक असणार? पण माझ्या मागून उत्तर आलं.

"पाडव्याच्या आधीपासनं," हे म्हणाले. "हिनं जांभई दिली तवा दिसला. डाव्या बाजूला, खालच्या हिरडीला लागून. आदी बारका हुता, आता वाढलाय." मग म्हणाले, "माझ्या आईला बी तितंच हुता."

 खाली लोखंडाच्या दुकानात कुणीतरी सळ्या टाकल्या, त्याचा आवाज वर आला. मी खुर्चीत तशीच, तोंड उघडं ठेवून बसले होते. मिटायचं सुचलंच नाही.

डॉक्टरणीने सावकाश सगळं समजावून सांगितलं. हा मशेरीचा चट्टा आहे. प्रत्येक चट्टा वाईट असतोच असं नाही, पण हा कसला हे तपासल्याशिवाय कळत नाही. बारीकसा तुकडा काढून मिरजेला पाठवू. मशेरी आज बंद, उद्या नाही. मी मान डोलवत होते.  सासूबाईंना शेवटी चमच्याने पाणी घालायची ते मीच, त्यांच्या तोंडाचा तो वास, ते सगळं आठवलं. इतकी वर्षं रोज सकाळी ती डबी हातात घेताना कधी आठवलं नव्हतं.

मग हे आपणहून खुर्चीत बसले. डॉक्टरणीने दात हलवून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "काका, हा हाडातून सुटलाय. दोन महिन्यांपूर्वी आला असता तर साफ करून, बाजूच्या दातांना बांधून वाचवता आला असता. आता नाही राहणार. बाकीचे राहतील, पण रोज काळजी घेतली तर."

"बरं," ते म्हणाले. "हिचं ते कळायला किती दिवस लागत्याल?"

दात काढला. कापूस दाबून धरून आम्ही दोघं एसटी स्टँडवर येऊन बसलो. त्यांच्या तोंडात कापूस, माझ्या तोंडात टाका. बोलायला दोघांनाही त्रास होत होता, पण मला गप्प बसवेना.

"मला सरळ सांगता येत नव्हतं?"

त्यांनी कापूस बाजूला सरकवला. "सांगितलं की. पाडव्याला म्हणलो तोंड दाखव डॉक्टरला, तू म्हणलीस उष्णता हाय. आखितीला सांगितलं, तू गुलकंद खाल्लास."

सांगितलं होतं. तू चल, तू चल, असं महिनाभर सांगत होते, मीच ते त्यांच्या दातापुरतं ऐकत होते.

"आणि मशेरी?"

"शेवग्याच्या बुडाला वतत हुतो. मी कवा लावतोय."

"तिखट?"

"तू पाणी प्यायचीस न्हवं घासागणिक."

मला इतका संताप आला की रडूच आलं. समोर माणसं गाडीची वाट बघत होती, एक बाई माझ्याकडे वळून बघायला लागली. मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, "मग तुमी एकटं का गेला न्हाईसा? तुमचा दात तर वाचला आसता. पालखीची सनई ऱ्हायली आसती."

त्यांनी कापूस परत गालात सरकवला.

"मी जाऊन बरा हून आलो आसतो," ते म्हणाले, "तर तू आली आसतीस?"

 पोरगा आजारी, सासू आजारी, नवरा आजारी, तेव्हाच मी दवाखान्याची पायरी चढलेली. माझ्यासाठी म्हणून मी कधी एसटीत बसलेली नव्हते, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. माझ्या तोंडासाठी त्यांनी स्वतःचा दात हलू दिला होता. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

मिरजेहून रिपोर्ट यायला आठवड्यापेक्षा जास्त लागला. त्या दिवसांत मी काय खाल्लं, काय रांधलं, आठवत नाही. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीण म्हणाली, काकू, वेळेत आलात, अजून वर्षभर उशीर केला असतात तर मी असं हसत बोलले नसते. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, आणि मशेरीला हात लावायचा नाही.

मशेरी सोडणं म्हणजे काय ते ज्याने सोडली त्यालाच ठाऊक. डोकं ठणकायचं, पोट फुगायचं, आणि तोंडाला येईल ते मी सगळ्यांना बोलायची. पारूअक्का दाराशी येऊन डबी पुढे करायच्या, "बोटभर लाव गं, बोटभरानं काय हुतंय." हे ओसरीवरून नुसते खाकरायचे. मग अक्का डबी पदराखाली घालून परत जायच्या. पुढे त्यांनाही मी ओढून तालुक्याला नेलं, पण ती निराळी कहाणी.

डॉक्टरणीने दोघांनाही ब्रश कसा धरायचा ते शिकवलं होतं. ब्रश तिरका, दात आणि हिरडी मिळतात तिथे टेकवायचा. जोर करायचा नाही, हळूहळू फिरवायचा. बाहेरून, मग आतून, मग जीभ. सकाळी एकदा आणि रात्री जेवल्यावर एकदा. रक्त आलं म्हणून थांबायचं नाही, पंधरा दिवसांत हिरडी आवळते. हिरव्या दांड्याचा जुना ब्रश सनईच्या पेटीतच राहिला, आम्ही दोन नवे आणले. मोरीच्या कोनाड्यात एका पेल्यात ते दोन उभे केले तेव्हा मला लाजच वाटली. आमच्या गल्लीत नवरा-बायकोचं असं काही उघड्यावर ठेवत नसत.

श्रावणात यात्रेला मिरजेचे सनईवाले आले नाहीत. आण्णाप्पाने कमिटीपुढे काय सांगितलं मला माहीत नाही, पण पालखीपुढे हेच उभे राहिले. मी बायांच्या घोळक्यात होते. सूर उठला, चढला आणि खाली येताना एका जागी हवा निसटली. फुस्स करून. ओठ त्या फटीत आत जात होता. ते थांबले नाहीत. तेवढी जागा ओलांडून पुढे गेले. पालखी उठली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "तात्याचं वय झालं गं आता. सूर ऱ्हायला न्हाई." मला तिला तिथल्या तिथे गप्प करावंसं वाटलं. पण सांगायचं काय आणि कुणाला?

याला आता पुष्कळ वर्षं झाली. दिवाळीपर्यंत माझा चट्टा फिका पडला आणि पुढच्या वर्षी दिसेनासा झाला. तोंडात आता तीन बोटं जातात, मी अधूनमधून घालून बघते. त्यांनी एकदा खोटा दात बसवून घेतला होता, पण सनईला तो हलायचा, म्हणून काढून फडक्यात गुंडाळून ठेवला. फट आहे ती आहेच. सकाळी देवळातून सनई येते आणि त्या ठरलेल्या जागी हवा निसटते. मी तेव्हा मोरीवर ब्रश घेऊन उभी असते आणि तेवढी जागा जाईपर्यंत माझा हात थांबतो.

ते परत येतात, पेटी कोनाड्यात ठेवतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात. चहाचासुद्धा नाही.

"घासलंस?"

"घासलं."

"आतनं?"

"आतनं बी. किती डाव इचारताय?"

"आ कर बघू."

चहा गार होत असतो, गॅसवर दूध उतू जायला आलेलं असतं, पत्रावळ्या तशाच पडलेल्या असतात. तरी मी त्यांच्यापुढे उजेडाकडे तोंड करून उभी राहते आणि मोठा आ करते.